फोटोतला पळस नेमका किती केशरी?

फेब्रुवारी संपत आला की यवतमाळ जिल्ह्यात पळस फुलतो. घाटंजी, पांढरकवडा, झरी जामणी या पट्ट्यात सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं आणि त्या करड्या रानात पळस नुसत्या फुलांवर उभा असतो. हातात मोबाइल असलेला जवळपास प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. होळीच्या शुभेच्छा, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, बचत गटाच्या लोणच्याचं लेबल, टिपेश्वरच्या सफारीची जाहिरात, कशासाठी ना कशासाठी तो केशरी रंग कुणाला तरी हवा असतो. मग फोटो कोरल, फोटोशॉप किंवा कॅनव्हामध्ये उघडायचा, आयड्रॉपरचं टोक फुलावर ठेवायचं आणि क्लिक करायचं. पुष्कळदा हाती येतो विटकरी, मळकट किंवा फिकट गाजरी रंग. फोटोत पळस पेटलेला दिसतो, पण उचललेला रंग विझलेला निघतो. मग लोक कंटाळून सॉफ्टवेअरमधल्या तयार पट्टीतला एखादा ठळक नारिंगी घेतात. तो जगात सगळीकडे सारखाच असतो आणि त्याचा पळसाशी काही संबंध नसतो.

असं का होतं आणि त्यावर काय करायचं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आयड्रॉपर काम कसं करतो? डिजिटल फोटो म्हणजे बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत, म्हणजे पिक्सेलमध्ये, तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्हींच्या मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जोड्या होतात. आयड्रॉपर एवढंच करतो, की टोकाखालच्या चौकटीतले तीन आकडे वाचून दाखवतो. हेक्स कोड म्हणजे हेच आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले. त्यात ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हं वापरतात. ‘ई६५१००’ या कोडमधला ‘ई६’ म्हणजे चौदा गुणिले सोळा अधिक सहा, २३०. ‘५१’ म्हणजे ८१. शेवटी शून्य. लाल २३०, हिरवा ८१, निळा ०. पळसाच्या जवळ जाणारा हा एक चांगला केशरी आहे. पुढे आपण तोच वापरू.

आता फूल जवळून बघा. पळसाच्या पाकळीला बाहेरून बारीक रेशमी लव असते आणि तिच्यावर ऊन पडलं की कडा चंदेरी दिसते. देठाजवळचं पुष्पकोशाचं भांडं मखमली, गडद तपकिरी, काळपट. एका पाकळीची सावली दुसरीवर पडते, आणि पाकळीतून आरपार येणारं ऊन वेगळाच रंग दाखवतं. अशा एका फुलावर आयड्रॉपर चार ठिकाणी टेकवला तर लवेच्या कडेला २५५, १७०, ११० मिळेल. उन्हातल्या पाकळीवर २४०, ११०, ४०. सावलीतल्या घडीत १५०, ४५, २०. आणि पुष्पकोशावर जवळजवळ काळा. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण चित्र असंच असतं. यातला पळसाचा रंग कोणता? डोळा हे सगळे एकत्र वाचतो आणि ‘केशरी’ म्हणतो. आयड्रॉपरला फक्त एक चौकट दिसते.

म्हणून पहिली सवय: एका पिक्सेलवर विश्वास टाकू नये. फोटोशॉपच्या आयड्रॉपरला ‘पॉइंट सॅम्पल’ऐवजी ५ बाय ५ किंवा ११ बाय ११ चौकटींची सरासरी घ्यायला सांगता येतं. ते करावं. त्याहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे आकडे लाल-हिरवा-निळा असे न वाचता रंगछटा, रंगाची तीव्रता आणि उजळपणा अशा भाषेत वाचणं. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. त्यात रंगछटा ० ते ३६० अंशांच्या वर्तुळावर मोजतात. वरच्या तीन केशऱ्या नमुन्यांचे अंश काढले तर अनुक्रमे २५, २१ आणि सुमारे १२ येतात. आकडे एकमेकांपासून कितीही लांब वाटले तरी छटा एका अरुंद पट्टीतच आहे. पळसाची ओळख या पट्टीत आहे. उजळपणा हा त्या क्षणीच्या उन्हाचा भाग. म्हणून छटा फोटोतून घ्यावी आणि उजळपणा आपल्या कामाला लागेल तसा ठरवावा. यात फोटोशी बेइमानी होत नाही.

यवतमाळमधली दुसरी प्रसिद्ध वस्तू कापूस. पांढरा रंग उचलणं सगळ्यात अवघड, आणि कापसावरून ते पटकन कळतं. सकाळी दहाला मोकळ्या शेतात फुटलेलं बोंड, दुपारी झाडाच्या सावलीतली गंजी आणि संध्याकाळी जिनिंगच्या आवारात उभी असलेली कापसाची गाडी, तिन्हींचे फोटो घेतले तर पहिल्यातला कापूस पांढरा, दुसऱ्यातला निळसर आणि तिसऱ्यातला पिवळट तांबूस येईल. सावलीत वस्तूवर थेट ऊन पडत नाही, आकाशाचा निळा उजेड पडतो. मावळतीला सूर्यप्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. शेतात उभ्या माणसाला यातलं काही जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग वजा करतात. सवयीने आपण कापूस पांढराच बघतो. कॅमेराही व्हाइट बॅलन्सच्या नावाखाली ही वजाबाकी करायचा प्रयत्न करतो, पण त्याला समोर कापूस आहे हे ठाऊक नसतं. तो अंदाज बांधतो.

कापसाच्या धंद्यातल्या लोकांनी हा अंदाज केव्हाच मोडीत काढला आहे. वेचणीच्या वेळी पाऊस लागला की कापूस मंदावतो, किडकं बोंड पिवळं पडतं, कवडी कापूस वेगळा काढावा लागतो. या सगळ्याचा भावावर परिणाम होतो, म्हणून रंग मोजावा लागतो. प्रयोगशाळेत रुईच्या नमुन्याचे दोन आकडे काढतात. एक, किती टक्के उजेड परत आला. दुसरा, पिवळेपणा किती. ही पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यात डोरोथी निकर्सन यांच्या कामातून आली आणि आज जगभर कापसाच्या चाचणीयंत्रात हेच दोन आकडे असतात. दिवा ठरलेला, कोन ठरलेला, आणि यंत्र आधी प्रमाणित फरशांवर तपासून घेतलेलं. चांगली रुईसुद्धा शंभर टक्के उजेड परतवत नाही आणि पिवळेपणा तिच्यात थोडा असतोच. कापूस शुद्ध पांढरा नसतो, ही गोष्ट डिझाइन करणाऱ्याने लक्षात ठेवावी. २५५, २५५, २५५ हा स्क्रीनचा पांढरा आहे, त्याला कापसाचं नाव देऊ नये. कापसाचा पांढरा २४३, २३६, २२० च्या आसपास कुठेतरी ठेवला की तो लगेच उबदार, धाग्याचा वाटू लागतो. धुतलेल्या धोतराला नीळ देण्यामागेही हाच पिवळेपणा आहे. नीळ त्याला झाकते. उजेड परतवण्याच्या हिशेबात कापड किंचित मंदच होतं, डोळ्याला मात्र अधिक पांढरं दिसतं.

प्रयोगशाळेच्या शिस्तीतलं थोडं आपल्यालाही उचलता येईल. फोटो काढताना वस्तूच्या शेजारी एखादं करडं कार्ड ठेवा. पुढे सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डाला ‘हे करडं आहे’ असं सांगितलं की उजेडाचा रंग सगळ्या फोटोतून वजा होतो. कार्ड नसेल तर पांढरा कागद चालेल असं पुष्कळ जण सांगतात. पण ऑफिसच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती उघड्यावर निळसर चमकतात आणि वजाबाकी चुकते.

उजेडाची बाधा आवरली तरी कॅमेऱ्याची उरते. मोबाइलच्या सेन्सरमधली प्रत्येक चौकट एकच रंग मोजते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या मांडणीनुसार निम्म्या चौकटींवर हिरवी, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळी गाळणी असते. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन आकडे शेजाऱ्यांवरून काढतात. म्हणजे फोटोतल्या रंगाचा दोन तृतीयांश भाग हिशेबाने भरलेला असतो. त्यानंतर फोन फूल, आकाश, जेवण ओळखून रंग स्वतःहून भडक करतो. शेवटी जेपीईजी फाइल बनते. डोळ्याला उजळपणातले बारीक फरक चटकन कळतात, रंगातले तितकेसे कळत नाहीत; याचा फायदा घेऊन ही पद्धत रंगाची माहिती कमी बारकाईने साठवते, बहुतेकदा चार पिक्सेल मिळून एक. निळ्या आकाशावरच्या पळसाची कडा मोठी करून पाहा. तिथे केशरी आकाशात सांडलेला असतो आणि निळा पाकळीत शिरलेला. म्हणून रंग कडेवरून उचलू नये, सपाट भागाच्या मधोमध उचलावा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांच्या हातून आलेल्या फोटोतून तर उचलूच नये, कारण वाटेत तो दाबला गेलेला असतो.

पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा या तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवर पाहायला मिळणारं जुनं भरतकाम हा रंग उचलण्याच्या अभ्यासाचा माझ्या मते जिल्ह्यातला सगळ्यात चांगला धडा आहे. लाल भुईवर पिवळे, हिरवे, निळे, पांढरे टाके, कवड्या आणि मधेमधे शिवलेली गोल भिंगं. फोटोत त्या भिंगावर आयड्रॉपर ठेवला तर काय मिळतं? आकाश, समोरचं लिंबाचं झाड किंवा फोटो काढणाऱ्याचा शर्ट. आरशाला स्वतःचा रंग नसतो. भिंगाच्या ठिकाणी खरं तर एक चमक आहे, आणि ती कुठल्याही एका हेक्स कोडमध्ये सापडत नाही. डिझाइनमध्ये ती उजळ-गडदाच्या झटक्याने आणावी लागते: गडद लालाच्या पोटात एक छोटा, जवळजवळ पांढरा ठिपका.

टाक्यांचा धडा आणखी महत्त्वाचा. लाल आणि हिरवे टाके शेजारी असले की दोन्ही पेटतात. फ्रान्समधल्या गोबेलँच्या विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. गिऱ्हाइकांच्या रंगांबद्दलच्या तक्रारी तपासताना त्यांना दिसलं की रंगद्रव्यात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यामुळे रंग मंद दिसत होता. शेजाराचा हाच परिणाम तांड्यावरच्या बायकांनी सुईने साधला आहे. आता त्याच कापडाचा फोटो दुरून काढून सरासरी रंग काढा. २००, ३०, ४० चा लाल आणि २०, ११०, ६० चा हिरवा यांची सरासरी येते ११०, ७०, ५०. हा तपकिरी आहे, आणि तो त्या कापडावर कुठेही नाही. म्हणून मघाशी सांगितलेली सरासरी एकाच पाकळीपुरती, एकाच धाग्याच्या पट्ट्यापुरती ठेवावी. दोन रंगांवर पसरलेली सरासरी दोन्ही मारते. बंजारा कामातून उचलायचं तर रंग सुटे उचला आणि त्यांचे शेजार तसेच ठेवा. कशाच्या बाजूला काय आहे, हाच त्या कामातला खरा नमुना.

फोटो टाकला की पाच रंगांची पट्टी आपोआप काढून देणारी साधनं आज भरपूर आहेत. त्यांच्या मुळाशी जुनं काम आहे. १९८२ साली पॉल हेकबर्ट यांनी एक रीत मांडली: फोटोतले सगळे रंग लाल-हिरवा-निळा अशा तीन बाजूंच्या खोक्यात मांडायचे, खोकं सगळ्यात लांब बाजूला असं कापायचं की दोन्हीकडे सारखे पिक्सेल यावेत, मग त्या तुकड्यांना पुन्हा कापायचं, आणि प्रत्येक तुकड्याचा एक प्रतिनिधी निवडायचा. तेव्हाच्या स्क्रीनवर मोजकेच रंग दाखवता येत, म्हणून हा खटाटोप. दुसरी रीत रंगांचे गट पाडून प्रत्येक गटाचा मध्य शोधते. दोन्ही रिती मुळात पिक्सेल मोजतात. ज्याने जागा जास्त व्यापली त्याचा आवाज मोठा. नोव्हेंबरातल्या पऱ्हाटीच्या शेताचा फोटो अशा साधनाला दिला तर ते काळ्या मातीच्या दोन छटा, सुकत्या पानांच्या दोन छटा आणि एक धुरकट आकाश देईल. ज्याच्यासाठी फोटो काढला तो कापूस पट्टीत येणारही नाही, कारण त्याने फोटोतला थोडासाच भाग व्यापलेला असतो. यंत्राची पट्टी सुरुवातीला घ्यावी, पण प्रमुख रंग माणसानेच नेमावा.

काळी माती हीही एक गंमत. उन्हातल्या काळ्या मातीचा फोटो पाहिला तर ती करडी-तपकिरी असते, ओली असताना बरीच गडद. माती सर्वेक्षण करणारे लोक हे पक्कं जाणतात. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. या शास्त्रातले लोक मातीचा रंग मनाने सांगत नाहीत. ते ढेकूळ फोडतात, ताजी बाजू मुन्सेलच्या रंगपुस्तकाशी उन्हात ताडून पाहतात आणि कोरड्या व ओल्या दोन्ही अवस्था नोंदवतात. अल्बर्ट मुन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ साली मांडलेल्या पद्धतीत छटा, उजळपणा आणि तेज असे तीन भाग असतात. ‘१० वायआर ३/१’ अशी नोंद वाचली की जगातल्या कुठल्याही मृदाशास्त्रज्ञाला ती अगदी गडद करडी माती डोळ्यापुढे आणता येते. नोंदीबरोबर अवस्था लिहिण्याची ही शिस्त डिझाइनवाल्यांनी जशीच्या तशी घ्यावी.

आता रंग वापरू. समजा, घाटंजी तालुक्यातल्या एका बचत गटाला मोबाइलवर पाठवायची जाहिरात करायची आहे. आपल्याकडे तीन रंग आहेत: कापसाचा २४३, २३६, २२०, मातीचा ५८, ४९, ४४, आणि पळसाचा २३०, ८१, ०. कुठला किती वापरायचा? रानाकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. पळस पेटल्यासारखा दिसतो कारण बाकी रान करडं असतं. सगळं पोस्टर केशरी केलं की केशरीचं तेज गेलं. भूमी कापसाची ठेवा, मजकूर मातीचा, आणि केशरी फक्त एका ठिकाणी, जिथे वाचणाऱ्याचं लक्ष जायला हवं तिथे.

मग वाचता येतं का ते तपासा, आणि इथे डोळ्यावर न जाता गणित करा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यतेच्या निकषांप्रमाणे साध्या आकाराची अक्षरं आणि त्यामागची भूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. उजळपणा मोजताना हिरव्याला ७१.५२ टक्के, लालला २१.२६ टक्के आणि निळ्याला अवघे ७.२२ टक्के वजन देतात, कारण डोळ्याची संवेदनशीलता तशी आहे. कापसावर मातीचा मजकूर घेतला तर गुणोत्तर सुमारे १०.८ येतं, उत्तम. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं, जी आपल्याकडच्या निम्म्या फ्लेक्सवर दिसतात, ३.७९ देतात, मोठ्या मथळ्याला ठीक, खालच्या फोन नंबरला नाही. त्याच पट्टीवर काळी अक्षरं ५.५४ देतात. मातीचा रंग मात्र केशरीवर ३.३ च्या आसपासच जातो, म्हणजे काळ्यासारखा वाटणारा रंग काळ्याचं काम करत नाही. आणि शुद्ध पिवळ्यावर पांढरं लिहिलं तर गुणोत्तर १.०७. उमरखेडच्या हळदीच्या पाकिटासाठी कुणी असं सुचवलं तर त्याला हा आकडा दाखवावा.

देवनागरीला हा निकष इंग्रजीपेक्षा कडक लावावा, असा माझा आग्रह आहे. आपल्या अक्षरांत अनुस्वाराचा ठिपका, रफार, पातळ वेलांट्या असतात. फरक कमी पडला की आधी हेच भाग दिसेनासे होतात. आणि आपला वाचक वातानुकूलित खोलीत बसलेला नसतो. तो मे महिन्यात, ४४–४५ अंशांच्या उन्हात, बाजार समितीच्या आवारात, तडे गेलेल्या काचेचा फोन कपाळाशी धरून भाव वाचत असतो. उन्हाची चमक स्क्रीनवर पडली की सगळेच रंग फिके पडतात. म्हणून यवतमाळच्या माणसासाठी केलेल्या मजकुराचं गुणोत्तर ७ च्या वर ठेवावं. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही प्रत्येक गावात असतात. ‘लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे चालू’ असं नुसत्या रंगावर सोडू नका, शब्दही लिहा.

हेच डिझाइन फ्लेक्सवर जाणार असेल तर आधी एक तुकडा छापून पाहा. स्क्रीन उजेड देते, फ्लेक्सवरची शाई उजेड गिळते. पेटलेला केशरी आणि पोपटी हिरवा छपाईत बसतातच असं नाही. छपाईवाल्याशी भांडण्यापेक्षा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शायांच्या हिशेबात, रंग आधीच बदलून पाहणं बरं.

कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. सागाचं कोवळं पान हिरवं दिसतं, पण तळव्यावर चोळलं की तळवा लाल होतो. अशा रंगांचा संग्रह कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये मिळणार नाही. तो इथल्याच माणसांनी करायला हवा. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतल्या डीटीपीवाल्यांना, कलाशिक्षकांना आणि फोटो काढणाऱ्या पोरापोरींना माझी एवढीच विनंती आहे, की आपापल्या भागातले दहा-वीस रंग जमवा. प्रत्येकासोबत गाव, तारीख, वेळ, ऊन होतं की सावली, वस्तू ओली होती की कोरडी, हे लिहून ठेवा. तांड्यावरच्या कुणाच्या कपड्याचा किंवा भरतकामाचा फोटो घेत असाल तर आधी विचारा, आणि काम कुणाचं आहे ते नोंदवा. मूळ फाइल जपून ठेवा. कुणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे रंगही टिकतो आणि फोटो केव्हा काढला ही माहितीही फाइलबरोबर जाते.